सात पोट्टे आणि सासूबाईंचा मैदा

"काकू, नमस्कार. आमचं गाव राळेगाव तालुक्यात. दर मे महिन्यात नणंदबाईंची दोन मुलं पुण्याहून महिनाभर येतात, जाऊबाईंची तीन आणि माझी दोन, असे सात पोट्टे घरात. सगळ्यात लहान ४ वर्षांचा, मोठी १२ ची. मागच्या वर्षी पुण्याच्या पोरांनी रंगांचा मोठा डबा आणि क्ले आणला होता, आठ दिवसात अर्धं संपलं, अर्धं वाळून दगड झालं, मग दिवसभर मोबाईल. या वर्षी ते यायच्या आधी ट्रायल म्हणून मी व्हिडिओ पाहून मैदा-मिठाचा क्ले केला तर सासूबाई चिडल्या, अन्नाची नासाडी करून राहिली म्हणाल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत. घरच्या घरी रंग, माती असं काही करता येईल का, अंगणात खेळता येईल असं? आणि कपडे खराब झाले की नणंदबाई काही बोलत नाहीत पण तोंड उतरते. काय करू?" – सात जणांची मामी-काकू, यवतमाळ जिल्हा

अगं बाई, पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग तुझ्या सासूबाईंची बाजू घ्यावीशी वाटली, राग नको मानू. तो क्ले म्हणजे दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, वाटीभर पाणी, आणि त्यातून तीन पोट्ट्यांचे दोन साप अन एक गणपती होतो, संपलं. सात जणांना महिनाभर पुरवायचं म्हणलं तर किराण्याच्या यादीत पाच-सहा किलो मैदा वेगळा लिहावा लागेल. ज्या पिढीनं ७२ च्या दुष्काळात राशनची लाल मिलो खाल्ली तिला अंगणात पायाखाली आलेला मैद्याचा गोळा पाहून काय वाटत असेल ते तूच विचार कर. शिवाय त्या गोळ्यात मीठ एवढं असते की कुत्र्यानं खाल्ला तर उलट्या, झटके, जिवावर बेतू शकते, आणि आपल्याकडे कुत्रं, कोंबड्या, वासरू सगळं मोकळंच फिरते. तर मैदा सोड. अगदीच ४ वर्षांच्यासाठी पाहिजे असेल तर डब्याच्या तळाशी राहिलेलं, जुनाट वास यायला लागलेलं पीठ घे (बुरशी आलेलं नको), त्याला सासूबाई काही म्हणणार नाहीत, आणि खेळून झालं की गोळा डब्यात, डबा फळीवर.

आता डबा आठ दिवसात काहून संपला ते सांगते. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवलं, अर्धी वर्षं यवतमाळ जिल्ह्यात आणि अर्धी वर्ध्यात, आणि खडूशिवाय दुसरं सामान म्हणून कधी वेळेवर आलं नाही, त्यामुळे रंग बनवायचा धंदा मला मजबुरीनं शिकावा लागला. तेव्हा एक लक्षात आलं की विकतचा डबा उघडला की वापरणं तेवढंच उरते, पण गेरू कुटायचा, भिजवायचा, निवळायचा, गाळायचा, वाळवायचा यात तीन दिवस जातात आणि ते तीन दिवस पोट्टे चिकटून बसतात, चित्र मग अर्ध्या तासात काढून मोकळे होतात. म्हणून माझा पहिला सल्ला हा की तू रात्री जागून सगळं तयार करून त्यांच्यासमोर ठेवू नको. बारा वर्षांच्या मोठीला मुकादम कर, बाकीच्यांना कामं वाटून दे, तू फक्त चूल आणि सुरी सांभाळ.

वेळेचं आधी ठरवून घे. आपल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात ते उगाच नाही, मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो अन नवतपात तर विचारूच नको, आणि पुण्याच्या पोरांना पहिले चार-पाच दिवस हे ऊन अंगवळणी पडलेलं नसते. सकाळी सहा ते नऊ बाहेर, गोळा करायचं काम तेव्हाच. दुपारी ओसरीत किंवा कुलरसमोर बसून कुटणं, गाळणं, काड्या तासणं. संध्याकाळी साडेपाच-सहानंतर अंगणात प्रत्यक्ष रंगकाम. दुपारच्या उन्हाचा उपयोग रंगाच्या वड्या वाळवायला कर, फक्त सासूबाईंच्या कुरड्यांच्या बाजेपासून दहा हात लांब, नाही तर परत अबोला.

मातीपासून सुरू कर, कारण ती फुकट आहे आणि सातही जण एकदम गुंततात. पण एक गोष्ट आधी सांगून ठेवते, तुमच्याकडची काळी माती तशीच घेऊन बैल केले तर ते फुटणार म्हणजे फुटणार. काळी माती पाणी पिलं की फुगते अन वाळली की आकसते, उन्हाळ्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तेच तुझ्या बैलाचं होते. माझ्या पहिल्याच शाळेत मी पोळ्याच्या आधी चाळीस पोट्ट्यांना नुसत्या काळ्या मातीचे बैल करायला लावले आणि लवकर वाळावे म्हणून उन्हात मांडले, मधल्या सुट्टीपर्यंत एकाही बैलाला चार पाय राहिले नव्हते अन दोन पोरं रडत होती. तेव्हा गावातल्या कुंभारकाकांनी मला बाजूला बोलावून सांगितलं की बाई, मातीत राख अन रेती टाका आणि सावलीत वाळवा, हे पण माहीत नाही का तुम्हाला. तर तीन भाग माती, एक भाग चाळलेली रेती किंवा चुलीची राख, आणि तुझ्याकडे तर घरचा कापूस असेल, त्याचे सरकी काढलेले बारीक पुंजके पिंजून मातीत मळायचे, मूर्ती करणारे लोक शाडूत कापूस घालतात ते ह्याच कारणानं, धागे माती धरून ठेवतात. माती आधी पूर्ण वाळवून मोगरीनं फोडायची, खडे-मुळ्या वेचायच्या, रात्रभर भिजवायची, मग पायानं तुडवायची. तुडवायचं काम ४ ते ७ वयाच्या पार्टीला दे, बघ कसे खुश होतात. केलेल्या वस्तू ओसरीत ओल्या बारदान्याखाली पहिला दिवस, मग दोन-तीन दिवस नुसत्या सावलीत. आणि वस्तू जाड करू नका, आत ओली अन बाहेर वाळली की तडा गेलाच. तान्ह्या पोळ्याला आपल्याकडे लाकडी बैल घेऊन पोट्टे फिरतात, त्याला अजून अवकाश आहे, पण मातीची एक जोडी आत्ताच करून ठेवली तर पुण्याचे पोट्टे जाताना घेऊन जातील.

माती खणताना एक काळजी, कुटाराच्या ढिगाजवळ, दगडाखाली, जुन्या बांधात हात घालू द्यायचा नाही, उन्हाळ्यात विंचू-साप गारव्याला तिथेच बसतात. मोठ्या माणसानं आधी काठीनं हलवून द्यायचं, मग पोट्टे.

आता गेरू. तालुक्याच्या किराणा दुकानात अजूनही गेरूचे खडे मिळतात, स्वस्त असतात, अर्धा किलो आण म्हणजे महिनाभर पुरेल. तुमच्या आसपास लाल मुरूम असेल तर तो पण चालते, रंग थोडा फिका येईल. कुटून पूड केली की ती सरळ वापरायची नाही, कारण त्यात खर राहते अन रंग वाळूसारखा लागते. पूड बादलीत घे, भरपूर पाणी टाक, हातानं जोरात ढवळ, मग एक-दोन मिनिटं थांब, जड खर तळाशी बसते, वरचं लाल पाणी हळूच दुसऱ्या भांड्यात ओत, तळातलं फेकून दे. हे दोनदा कर. मग ते लाल पाणी रात्रभर ठेव, सकाळी वर स्वच्छ पाणी आणि खाली लोण्यासारखा मऊ गेरू बसलेला असेल. वरचं पाणी ओतताना जरा लाल होतेच, म्हणून तुळशीला नको, कण्हेरीला टाक. पोट्ट्यांना हे निवळणं जादूसारखं वाटते, माझ्या चौथीच्या वर्गातला एक पोट्टा रोज शाळा उघडायच्या आधी येऊन बादलीत डोकावायचा. पिवळी माती मिळाली तर तिचं पण असंच, पांढऱ्या मातीचं पण असंच. पांढरी माती नसेल तर तांदळाचं चमचाभर पीठ पाण्यात कालवून पांढरा होतो, पालघरकडचे वारली लोक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानंच काढतात, जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती ह्याच पांढऱ्या रंगाच्या कामासाठी. चमचाभर पिठाला सासूबाई हरकत घेणार नाहीत, रोजची रांगोळी काय दुसरी असते.

गेरू असा नुसता लावला तर वाळल्यावर हाताला येते, म्हणून त्याला डिंक लागते. तुझ्या बांधावर बाभूळ असेलच. बाभळीचा डिंक म्हणजे चित्रकारांच्या महागड्या पाण्याच्या रंगात जो गोंद असतो त्याचाच भाऊ समज, दोन्ही बाभळीच्या कुळातलेच. सकाळी सकाळी पोट्ट्यांना खोडावरचे खडे काढायला लाव (काट्यांची कल्पना देऊन), एक वाटी डिंकाला दोन वाट्या कोमट पाणी, रात्रभर भिजव, सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळ, साल-कचरा निघून जाते. त्यात चमचाभर मध घातला तर रंगाची वडी वाळून तडकत नाही, आणि दोन लवंगा ठेचून टाकल्या तर लवकर बुरशी धरत नाही. आता हे डिंकपाणी आणि निवळलेला गेरू असं कालव की दह्यासारखं झालं पाहिजे, मग पाण्याच्या बाटल्यांच्या झाकणांमध्ये भरून दोन दिवस उन्हात. झाली वडी तयार, ओल्या ब्रशनं घासली की रंग. अशा वडीला वर्षभर काही होत नाही. लग्नसराईत बाटल्यांची झाकणं शोधायची गरज पडणार नाही, मांडवाखाली पोत्यानं पडलेली असतात.

काळा रंग दोन प्रकारे होते. एक कोळसा. तुराट्या आहेत ना घरी, चार-चार बोटांचे तुकडे कापून पत्र्याच्या डब्यात उभे ठासून भर, झाकण घट्ट लाव आणि झाकणाला खिळ्यानं एकच छिद्र पाड, छिद्र विसरायचं नाही, आत वायू कोंडला तर झाकण उडते. स्वयंपाक झाल्यावर चुलीच्या विस्तवात डबा ठेवून दे. छिद्रातून आधी पांढरा धूर, मग पिवळट, आणि साधारण तासाभरानं धूर थांबला की समज झालं. डबा बाहेर काढून पूर्ण थंड होईपर्यंत उघडायचा नाही, गरम असताना हवा लागली की काड्या आतच पेटून राख होतात, मी उतावीळपणानं दोनदा राख केली आहे. मिळतात त्या काड्या म्हणजे चित्रकलेच्या दुकानातला चारकोल, ओसरीच्या फरशीवर, सिमेंटच्या ओट्यावर, कुठेही काढा अन पाण्यानं पुसा. हे काम तुझं, पोट्ट्यांनी लांबून पाहायचं.

दुसरा प्रकार शाईचा, आणि तो मला जास्त आवडते. बाभळीच्या वाळक्या शेंगा दोन मुठी घ्यायच्या, ठेचून पाण्यात अर्धा तास उकळायच्या, गाळायचं, तपकिरी चहासारखं पाणी मिळते. त्यात गंजलेले खिळे, जुनी नालाची कडी, काहीही लोखंड टाकून दोन-तीन दिवस ठेवायचं. रोज बघायचं. तपकिरी पाणी काळं होत जाते, शेंगेतलं तुरट द्रव्य आणि लोखंड मिळून काळा रंग धरतात, हिरड्याचंही असंच होते, आणि जुन्या काही शाया अशाच होत्या. लिहिताना फिकी दिसते, वाळताना हवेत अजून काळी होते. पण ही शाई कपड्यावर पडली की कायमची, आणि तोंडात घालायची नाही, म्हणून फक्त आठ वर्षांच्या वरच्यांनाच दे.

फुलांच्या रंगाचं खरं सांगते, मे महिन्यात उशीर झालेला असतो. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये पेटतो अन एप्रिलपर्यंत खाली सडा पडून वाळून जाते. पण सासूबाईंना विचारून पहा, बऱ्याच घरी पळसफुलं वाळवून ठेवतात, उन्हाळ्यात लेकरांना त्या पाण्यानं आंघोळ घालतात. असतील तर मूठभर फुलं तांब्याभर पाण्यात रात्रभर, सकाळी थोडं उकळव, चिमूटभर तुरटी घातली की केशरी-पिवळा छान खुलते. हे पाणी उघडं ठेवायचं नाही, मी एकदा शाळेत बादलीभर करून शनिवार-रविवार विसरले, सोमवारी वर्गात शिरता येईना. नसतील फुलं तर कांद्याची सालं घे, आपल्याकडे त्यांचा तुटवडा नाही, उकळून तुरटी घातली की पिवळा, खिळ्याचं पाणी घातलं की शेवाळी. अंगणातली लाल जास्वंद चुरडून कागदावर घासली तर जांभळट येते, त्यावर लिंबू पिळलं की गुलाबी अन खायच्या सोड्याचं पाणी लावलं की हिरवट-निळसर. गोकर्णीचं निळं पाणी लिंबानं जांभळं होते. हळदीचं पाणी कागदावर फासून वाळव आणि साबणाच्या पाण्यानं त्यावर लिहायला लाव, अक्षरं लाल उमटतात, लिंबू लावलं की परत पिवळी. जुन्या काळी हळदीला चुना लावून कुंकू करायचे तीच ही गंमत, पण तू चुना अजिबात वापरू नको, पानाचा चुना डोळ्यात गेला तर डोळा जाते, लेकरांच्या हातात पुडी देऊच नये. हिरव्यासाठी सांबार (म्हणजे कोथिंबीर) किंवा शेवग्याचा पाला चुरडून घासायचा, तो दुसऱ्या दिवशी तपकिरी पडते, पडू दे. संत्र्याच्या सालीतून काहीतरी भारी निघेल असं प्रत्येक नागपुरी माणसाला वाटते, मी तीन वेळा करून पाहिलं, पिवळट पाणी आणि वास, बाकी काही नाही. हे सगळे रंग उन्हात आठ-पंधरा दिवसात उडतात हे पोट्ट्यांना आधीच सांग, नाही तर पुण्याची मंडळी रुसतील, आणि ज्यांना टिकलेलं पाहिजे त्यांनी गेरू अन कोळसा वापरावा.

आता इथे जरा थांबून वाच. झाडपाल्याचे रंग म्हणलं की पोट्टे दिसेल ते चुरडतात, आणि आपल्या बांधावर सगळंच गुणाचं नाही. रुईचा चीक डोळ्यात गेला तर नजरेवर येते. कण्हेर लाल असो की पिवळी, सगळी विषारी, वर कण्हेरीला पाणी टाक म्हणलं, फुलं तोडायला लाव म्हणलं नाही. धोतरा, गुंजा, हे तर हात पण लावायचे नाहीत, गुंजेचे लालभडक दाणे माळेला छान दिसतात म्हणून पोरी गोळा करतात. कुंपणाला मोगली एरंड असेल तर त्याच्या देठाच्या चिकानं फुगे उडवायचा खेळ आपण सगळ्यांनी खेळला, पण त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात आणि खाल्लेली लेकरं उलट्या-जुलाबानं दवाखान्यात जातात, म्हणून त्या झाडापाशी पार्टी न्यायचीच नाही. आणि बिब्बा. गावातलं कुणी म्हातारं म्हणेल की काळ्या रंगाला बिब्ब्यासारखं काही नाही, परीट कपड्यावर खुणा त्यानंच करायचे, ते खरंच आहे. माझ्या धाकट्या भावानं लहानपणी बिब्ब्याच्या तेलानं मनगटावर घड्याळ काढलं होतं, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच गोल आकाराचा फोड, पंधरा दिवस हात वर धरून फिरला, ते घड्याळ अजून त्याच्या मनगटावर पुसट दिसते. नियम सोपा ठेव, चीक निघाला की टाकून द्यायचं, ओळख नसलं की आधी आजीला दाखवायचं, आणि काम झाल्यावर साबणानं हात.

चिकटवायला फेव्हिकॉल आणायची गरज नाही, चिचोके आहेत. सासूबाईंनी चिंच फोडली असेल तर चिचोक्यांचं गाठोडं कुठेतरी पडलेलंच असेल. कढईत साल तडकेपर्यंत भाजायचे, ठेचून साल पाखडायची, रात्रभर भिजवून पाट्यावर वाटायचे आणि पाण्यात पिठल्यासारखं घट्ट होईपर्यंत शिजवायचं. लग्नपत्रिका, पुठ्ठे, पानं, बारदान्याचे तुकडे, सगळं चिकटते. दोन दिवस टिकते फक्त, तेवढंच कर. कुणी म्हणेल मोरचूद घाला म्हणजे टिकेल, बाइंडर लोक घालतात, पण ते विष आहे, लेकरांच्या खळीत नको.

ब्रश म्हणशील तर कडुनिंबाची हिरवी काडी, दातून करतो तशी एका टोकाला ठेचायची. जाड रेघेला ती, बारीकला शिंदीच्या पानाची शीर किंवा बांबूची कामटी ठेचून. मोठ्या भिंतीला जुन्या कुंच्याचा तुकडा. आणि कागद विकत घेऊ नको, मे महिना आहे, घरात निदान पंचवीस लग्नपत्रिका आल्या असतील, मागची बाजू कोरी असते अन कागद जाड. मामाजींना (सासऱ्यांना) विचारून गोठ्याची एक भिंत मागून घे, आधी शेण-मातीनं सारवायची, मग गेरू-पांढऱ्यानं रंगवायची. विचारून म्हणलं, लक्षात ठेव, नाही तर मैद्याचं प्रकरण भिंतीवर जाईल.

४ वर्षांच्यासाठी एक वेगळं. त्याला लोटाभर पाणी आणि कुंचा दे, तापलेल्या सिमेंटच्या ओट्यावर काढू दे. मे महिन्यात एका मिनिटात चित्र उडून जाते, तो परत काढतो, परत उडते, अर्धा-पाऊण तास कुठे जात नाही. संध्याकाळी ओटा हाताला सोसवेल एवढा निवला की, पायात चप्पल घालून. तुमच्याकडे टँकरची वेळ आली असेल तर भाजी धुतलेलं पाणी दे, त्याला काय कळते. साबणाचे फुगे पण त्याच्यासाठीच: एक वाटी भांड्याचं लिक्विड, सहा वाट्या पाणी, चमचाभर साखर, रात्रभर ठेवायचं, आणि गव्हाच्या काडाची पोकळ नळी, नळीच्या मधोमध सुईनं एक बारीक छिद्र पाड म्हणजे ओढलं तरी तोंडात साबण येत नाही. फुगे सकाळी सहा-सातलाच उडव, दुपारच्या कोरड्या हवेत बाहेर पडताच फुटतात अन तो रडते.

सासूबाईंचं आता. तू त्यांची समजूत काढायला जाऊ नको, आधीच मैद्यावरून जखम ताजी आहे. त्यांना एकच विचार, की आई, तुमच्या लग्नाच्या वेळी भिंती कशानं रंगवल्या होत्या, गेरूत काय घालायचे म्हणून तो झडत नव्हता. मग बघ. माझ्या सासूनं मला कधी साधं शाब्बास म्हणलं नाही, पण शाळेच्या पोट्ट्यांसाठी चिचोक्याची खळ शिजवायला स्वतः आली होती, आणि मला बाजूला सारून पोट्ट्यांना सांगत होती की तुमच्या बाईला काही येत नाही. मी गप राहिले. तुझ्या सासूबाईंना सारवणाचं, गेरूचं, पळसफुलांचं तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, त्या निवळायच्या बादलीपाशी बसल्या की अबोला आपोआप जाईल आणि पोट्टे शिस्तीत राहतील ते वेगळंच.

एखाद्या दिवशी जमलं तर पोट्ट्यांना घेऊन वर्ध्याला जा, तुम्हाला फार लांब नाही, मगन संग्रहालय १९३८ सालचं आहे, तिथे झाडपाल्याच्या रंगांत रंगवलेली खादी पाहायला मिळते, म्हणजे मोठे लोक पण हेच करतात हे मोठीला दिसेल. बारा वर्षांच्या पोरींना हे सगळं लहान पोरांचं वाटायला लागते, तिच्यासाठी सांगते.

राहिले कपडे. पहिल्याच दिवशी मामाजींचे जुने शर्ट काढ, उलटे घालून मागून बटणं लाव, गुडघ्यापर्यंत येतात, आणि नणंदबाईंना तसा एक फोटो पाठवून दे, तोंड उतरायच्या आधीच हसू येईल. गेरू साध्या साबणानं बराचसा निघतो. हळदीचा डाग साबणानं लाल होईल, घाबरू नको, धुऊन कडक उन्हात वाळत घाल, दोन-तीन दिवसात ऊनच तो खाऊन टाकते. बाभळीच्या शाईचा डाग मात्र जात नाही, तेवढा एकच डोळ्यात तेल घालून सांभाळ. आणि शेंगा वेचायला पोट्ट्यांना उद्यापासूनच पाठव, सहाच्या आत, कारण सात वाजता शेळ्या सुटल्या की झाडाखाली एक शेंग शिल्लक राहत नाही.